कौतुक नको, चाचणीचे मैदान द्या

कष्टकऱ्याच्या कल्पकतेचे कौतुक करण्याची एक सोयीस्कर रीत अलीकडे या देशात रूढ झाली आहे. एखाद्या खेड्यातला वेल्डर किंवा शेतमजूर फवारणी पंपाचे जुने इंजिन सायकलच्या सांगाड्यावर बसवतो, मागच्या चाकाला दुसरी चेन जोडतो आणि पायडल न मारता वेशीपर्यंत जाऊन येतो. त्याचे छायाचित्र झळकते, ‘जुगाड’ या शब्दाचा जयघोष होतो, भारतीय प्रतिभेवर भाषणे झडतात, आणि आठवड्याभरात सारे विसरलेही जाते. त्या सायकलीचे ब्रेक कुणी तपासले होते? वेगात असताना रेस अडकली तर इंजिन बंद करण्याची सोय तिच्यावर होती काय? पहिल्यांदा तिच्यावर बसून कोण निघाला, कोणत्या रस्त्याने निघाला, आणि तो पडला असता तर दवाखान्याचे बिल कुणी भरले असते? कौतुक करणारा हे प्रश्न विचारीत नाही, कारण त्यांची उत्तरे त्याला अडचणीत आणणारी आहेत. चाचणी त्या कारागिरानेच घेतली, वाहत्या रस्त्यावर घेतली आणि स्वतःच्या हाडांच्या भरवशावर घेतली.

या देशातल्या श्रमिकाजवळ कल्पकतेचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो चाचणीच्या साधनांचा: मोकळ्या मैदानाचा, मोजमापाच्या उपकरणांचा, जाणत्या देखरेखीचा आणि फुरसतीच्या तासांचा. यंत्र बांधणे ही अर्धी निर्मिती. ते चालवून पाहणे, त्यातले दोष हुडकणे आणि ते दूर करून पुन्हा चालवून पाहणे ही उरलेली अर्धी. पहिली अर्धी श्रमिक स्वतःच्या बळावर पुरी करतो. दुसरीसाठी लागणारी साधने सार्वजनिक पैशातून उभी राहिली आहेत, पण त्यांच्या फाटकातून त्याला प्रवेश नाही. म्हणून घरगुती मोटार-सायकलीचा प्रश्न हा हौशी तरुणांच्या खटाटोपाचा प्रश्न नसून ज्ञानाच्या साधनांवर मालकी कुणाची, या जुन्याच प्रश्नाचे एक लहानसे पण बोलके रूप आहे.

सायकलला इंजिन लावणे ही मागासलेल्या देशाची केविलवाणी युक्ती आहे, अशी समजूत सुशिक्षितांमध्ये आढळते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये रेल्वेगाड्या ओसंडून वाहत होत्या आणि इंधनाची टंचाई होती. त्या वेळी १९४६ साली हामामात्सु येथे सोइचिरो होंडा यांनी सैन्याच्या वायरलेस संचासाठी बनलेली छोटी जनित्र-इंजिने मिळवली आणि ती सायकलींवर बसवून विकायला आरंभ केला. पहिल्या प्रयोगात इंधनाची टाकी म्हणून अंथरूण गरम ठेवण्याची पाण्याची बाटली वापरली होती. गावातून ती सायकल चालवून पाहण्याचे काम त्यांच्या पत्नीने केले, आणि कार्बोरेटरमधून उलट उडणाऱ्या तेलाने तिचे कपडे माखले, ही हकीकत त्या कंपनीच्या इतिहासात नोंदलेली आहे. दोष कळला तो असा, चालवून पाहिल्यावर. आणि मग कार्बोरेटर सुधारला गेला. मिळालेली इंजिने संपली तेव्हा १९४७ साली स्वतःचे ५० घनसेंटीमीटरचे इंजिन तयार झाले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या इटलीत तुरिनच्या सियाता या संस्थेने १९४५ साली सायकलला जोडायचे ४८ घनसेंटीमीटरचे ‘कुचोलो’, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू, लोकांपुढे ठेवले. पुढे त्याचे उत्पादन बोलोन्याच्या डुकाटी कारखान्यात होऊ लागले. फ्रान्समध्ये १९४६ पासून पुढच्या चाकावर इंजिन असलेली ‘सोलेक्स’ सायकल विकली जाऊ लागली. आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिक कंपनीची पायडल असलेली ५० घनसेंटीमीटरची लूना १९७२ साली रस्त्यावर आली आणि कारकून, शिक्षक, दूधवाले अशा कितीतरी संसारांचे वाहन बनली.

तात्पर्य असे की, आज जे यंत्र ‘जुगाड’ म्हणून एकाच वेळी डोक्यावर घेतले जाते आणि पोलीस चौकीत अडकवलेही जाते, त्याच जातीच्या यंत्रातून जगातले काही मोठे कारखाने उभे राहिले. कल्पनेचा फरक मुळीच नव्हता. ज्या कल्पनेला कार्यशाळा, भांडवल आणि चाचणीची मुभा मिळाली तिचा कारखाना झाला. जिला ती मिळाली नाही तिची बातमी झाली.

चाचणी म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय या अन्यायाचे माप कळणार नाही. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल ३० च्या वेगाने जाऊ लागली की तिच्यातील गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ब्रेक तेच राहिले तर ती थांबवायला लागणारे अंतरही सुमारे चौपट होते. आपल्या काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक पायाच्या बळावर चालणाऱ्या वाहनासाठी बेतलेले असतात; पावसाळ्यात ओल्या रिमवर ते त्या वेगालाही पुरे पडत नाहीत. म्हणून जाणता मेकॅनिक इंजिनाला हात लावण्यापूर्वी ब्रेक, चिमटा आणि चाके पाहतो. पहिली फेरी तो इंजिन न चालवता, उतारावर घेतो. नंतर मागचे चाक उचलून धरून इंजिन जागच्या जागी चालवतो. मग बंदिस्त सपाट जागेवर पाच मिनिटे चालवतो, थांबतो, यंत्र थंड होऊ देतो आणि एकूण एक नट पुन्हा आवळतो. कारण कंपनाने पहिल्या तासाभरात जितके नट सैल होतात तितके पुढच्या महिन्यात होत नाहीत.

दोषांची यादी मोठी आहे आणि त्यांतील पुष्कळसे जीवघेणे आहेत. मागच्या चाकाच्या तारांना रबराच्या चकत्यांमध्ये दाबून धरलेले दातेरी चक्र किंचित जरी तिरपे बसले तरी चेन उतरते, नाहीतर तारा एकामागून एक तुटतात. चेन ताणून धरणारी गुळगुळीत नळीवरची पट्टी सैल झाली की फिरून तारांत शिरते आणि चाक जागच्या जागी जखडते. पुढच्या मडगार्डचा साधा स्क्रू कंपनाने गळाला तर मडगार्ड चाकाखाली ओढले जाते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला सांधा बाहेरची हवा ओढू लागला की मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते, प्लग पांढरा पडतो आणि शेवटी पिस्टन अडकतो. क्लच वेळेवर दाबला नाही तर पिस्टनबरोबर चाकही अडकते. उलट पेट्रोल जास्त झाले की प्लग काळा पडतो, इंजिन मिसिंग मारते, आणि बांधणाऱ्याला वाटते की इंजिनात जोरच नाही. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचे, हेही अंदाजावर सोडता येत नाही. कमी झाले तर यंत्र मरते. जास्त झाले तर धूर होतो आणि एक्झॉस्टची वाट चोंदते.

हे दोष हुडकण्याची एक शिस्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदल वहीत लिहायचा, तीच फेरी त्याच वेगाने पुन्हा घ्यायची, आणि मगच पुढच्या बदलाला हात घालायचा. हीच विज्ञानाची पद्धत. तिला पदवी लागत नाही, पण वेळ लागतो. दिवसभर मजुरी करून आलेला माणूस रात्री बल्बच्या उजेडात यंत्र उघडतो. सकाळी त्याच सायकलीवर त्याला आठ-दहा किलोमीटरवरच्या कामावर पोचायचे असते. तो एका रात्रीत तीन बदल करतो. प्लग बदलतो, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो आणि चेनही आवळतो. सकाळी यंत्र चालले तर कशामुळे चालले हे त्याला कळत नाही, आणि बंद पडले तर कशामुळे पडले हेही कळत नाही. त्याच्या घाईला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. ती घाई त्याच्या कामाच्या तासांनी त्याच्यावर लादलेली आहे. प्रयोगशाळेतल्या अभियंत्याला चुकीच्या निदानासाठी पगारी वेळ असतो. मजुराला चुकीच्या निदानाची किंमत बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहना’ची व्याख्या चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन आपल्या कक्षेबाहेर ठेवते. याचा अर्थ असा की, संसदेने लहान इंजिनाच्या सायकलीला जाणूनबुजून जागा ठेवली आहे. परंतु भंगारात किंवा शेती अवजारांच्या दुकानात जे इंजिन हाती लागते ते या रेषेच्या अलीकडचे असेल याची शाश्वती नाही. रेषा एका घनसेंटीमीटरने ओलांडली की तीच सायकल मोटार वाहन होते. मग नोंदणी हवी, विमा हवा, परवाना हवा. नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन ते पाच हजार रुपये दंड, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैदेचीही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली राजस्थानातील एका प्रकरणात जुगाड गाड्याही मोटार वाहनच आहेत, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या अक्षरानुसार तो योग्यच होता. पण नोंदणी मिळवायची कशी? केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ वा नियम उत्पादकाने आपल्या वाहनाची प्रतिकृती ठरावीक संस्थांकडून तपासून घ्यावी, असे सांगतो. हजारो वाहने विकणाऱ्या कारखान्याला तो खर्च प्रत्येक वाहनामागे नगण्य पडतो. एकच सायकल बांधणाऱ्याला ते दार बंद आहे, कारण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो माणूस कधी आलाच नाही.

विजेच्या सायकलीचीही कथा वेगळी नाही. २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या हलक्या वाहनाला नियमांनी मोटार वाहन मानलेले नाही. परंतु या अटी पुऱ्या होतात, याची पडताळणी त्याच १२६ व्या नियमातल्या संस्थांनी केलेली असली पाहिजे. म्हणजे सवलत आहे, पण तिच्या दारावर बसलेला पहारेकरी फक्त कारखानदाराला ओळखतो.

या संस्था आहेत तरी कुठे? योगायोग असा की, त्यांतील काही महत्त्वाच्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून आहे. केंद्रीय मार्ग परिवहन संस्थाही पुण्यात आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था अहिल्यानगरजवळ आहे. सीमेपलीकडे इंदूरजवळच्या पीथमपूर येथे सुमारे हजार एकरांच्या परिसरात सार्वजनिक खर्चाने चाचणी केंद्र उभे राहिले, आणि त्यातील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान धावपट्टीचे जून २०२१ मध्ये थाटाने उद्घाटन झाले. देशी-परदेशी कंपन्यांच्या आलिशान मोटारींनी त्या धावपट्टीवर आपला कमाल वेग आजमावावा, यात गैर काही नाही. पण ज्या राष्ट्राला मोटारींसाठी ११ किलोमीटरची धावपट्टी बांधता येते, त्याला तालुक्याच्या गावी सायकलीसाठी दोनशे मीटरची कुंपण घातलेली पट्टी देता येऊ नये?

या उपेक्षेची फळे महाराष्ट्राने पाहिली आहेत. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातील एका ग्रामीण कारागिराने भंगाराच्या सुट्या भागांतून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली, तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले. एका मोठ्या उद्योगपतींनी जाहीरपणे म्हटले की, नियमात न बसल्याने अधिकारी ही गाडी आज ना उद्या थांबवतील, म्हणून तिच्या बदल्यात आपण कारागिराला कारखान्यातली नवी गाडी देऊ. तसे झालेही. त्या गृहस्थांच्या औदार्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्या कुटुंबाला चांगली गाडी मिळाली, हेही चांगलेच झाले. पण या घटनेचा अर्थ काय? निर्मात्याला ग्राहक बनवून प्रश्न मिटवण्यात आला. ती गाडी कुठे कमी पडते, ती सुरक्षित करायला काय करावे लागेल, हे सांगण्यासाठी राज्याची कुठलीही यंत्रणा त्याच्या दारी गेली नाही. बक्षीस मिळाले, तपासणी मिळाली नाही.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यात एका तरुण वेल्डरने स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची रात्री चाचणी घेतली. पाते तुटले, डोक्याला लागले आणि तो प्राणास मुकला. तेव्हाही प्रतिभेचे गोडवे गाण्यात आले, हळहळ व्यक्त झाली. हेलिकॉप्टर आणि सायकल यांच्यात महदंतर आहे, हे खरे. तरी मृत्यूचे कारण एकाच जातीचे आहे. फिरत्या भागाची ताकद आधी जोखण्याची सोय नव्हती, संरक्षक जाळी नव्हती, ‘आज थांब’ असे अधिकाराने सांगणारा जाणता माणूस शेजारी नव्हता. प्रतिभेचे गोडवे गाणाऱ्यांपैकी कुणीही या उणिवांना गुन्हा म्हटले नाही.

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला सुरक्षिततेचा: घरी बांधलेली यंत्रे रस्त्यावर आली तर पादचाऱ्यांचे काय? आक्षेप रास्त आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अंगावर ब्रेक नसलेली सायकल आणण्याचा अधिकार कुणालाही नाही; मालकालाही नाही आणि मजुरालाही नाही. परंतु बंदीने ही यंत्रे रस्त्यावरून नाहीशी झालेली नाहीत. ती अंधाऱ्या वेळी, आडरस्त्याने, न तपासता चालतात, एवढाच फरक पडला आहे. पोलिसाला चुकवण्यासाठी दिवा न लावता जाणारे वाहन हे बंदीचेच अपत्य आहे. ज्याला सुरक्षितता खरोखर हवी आहे त्याने तपासणीची मागणी केली पाहिजे. ब्रिटनमध्ये एकेका दुचाकीला मान्यता देणारी ‘मोटारसायकल सिंगल व्हेइकल अप्रूव्हल’ ही सरकारी योजना आहे. हौशी माणसाने स्वतः बांधलेले वाहनही ती तपासते, आणि पात्र ठरल्यास रस्त्यावर येऊ देते. जे तिथल्या नोकरशाहीला साधते ते इथल्या नोकरशाहीला का साधू नये?

दुसरा आक्षेप बाजाराचा: मोपेड आणि विजेच्या स्कूटर हप्त्याने मिळत असताना ही खटपट हवीच कशाला? हा आक्षेप घेणाऱ्याने हप्ता म्हणजे काय, हे रोजंदारीवरच्या माणसाला विचारावे. ज्याचे काम पावसावर आणि मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याला हप्ता हे कर्जाचे साखळदंड आहेत. शिवाय स्वतः बांधलेले यंत्र त्याला दुरुस्त करता येते. विकत घेतलेल्या यंत्रातली बंद डबी बिघडली तर ती उघडण्याची मुभाही त्याला नसते; कंपनीच्या केंद्रात जाऊन नवी डबी विकत घ्यावी लागते. दुरुस्तीचे ज्ञान हातातून गेले की माणूस यंत्राचा मालक राहत नाही, भाडेकरू होतो.

तिसरा आक्षेप डाव्या मित्रांकडून येईल, आणि तो सर्वांत गंभीर आहे. खाजगी वाहनांचे लाड करण्यापेक्षा एस.टी.साठी लढा, असे ते म्हणतील. एस.टी.साठी लढलेच पाहिजे, यात दुमत नाही. ज्या पाड्यावर दिवसातून दोनदा गाडी येते तिथल्या माणसाने सायकलला इंजिन लावले, ही त्या लढ्यातल्या अपयशाचीच निशाणी आहे. पण सार्वजनिक वाहतूक येईपर्यंत लोकांनी पायी चालावे, आणि ती येईपर्यंत त्यांच्या कौशल्याला गुन्हा मानावे, ही समाजवादाची शिकवण नव्हे. या बाबतीत क्युबाचा अनुभव बोधप्रद आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे तेलाचा दुष्काळ पडला. सरकारने चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आणून वाटल्या, हे मोठे काम केले. लोकांनी त्या सायकलींना पाण्याच्या पंपांची, फवाऱ्यांची आणि करवतींची इंजिने जोडली, प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या टाक्या केल्या आणि त्या वाहनांना ‘रिकिंबिली’ असे नाव दिले. श्रमिकांच्या नावाने राज्य करणाऱ्या शासनाने तेव्हा काय करावे? ही यंत्रे तपासावीत, सुधारावीत, सहकारी कार्यशाळांत नीट बांधून घ्यावीत. प्रत्यक्षात ती बेकायदा राहिली, त्यांना नोंदणी मिळेना आणि पोलीस ती जप्त करीत राहिले. सायकल देणारे राज्य लोकांच्या हातांवर विश्वास ठेवू शकले नाही. भांडवलशाही राज्य या कारागिराला ग्राहक समजते. नोकरशाही समाजवाद त्याला संशयित समजतो. दोघांनाही तो सहकारी वाटत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. यंत्रे, शिक्षक आणि आवार तिथे आधीच आहे. त्यांतील प्रत्येक संस्थेने आठवड्यातून एक दिवस, आणि तोही सुटीचा, आपली कार्यशाळा परिसरातील कारागिरांना खुली करावी. आवारात कुंपण घातलेली चाचणीची पट्टी असावी; ब्रेकचे अंतर मोजण्याच्या खुणा, चाक उचलून इंजिन चालवण्याचे स्टँड, वेग मोजण्याचे साधन, डोक्याला शिरस्त्राण आणि हाताशी आग विझवण्याचे नळकांडे असावे. चाचणी घेणाऱ्याचा त्या दिवसापुरता अपघात विमा शासनाने उतरवावा. प्रशिक्षणार्थ्यांच्या अभ्यासक्रमात अशा यंत्रांचे दोषनिदान यावे. बाजारातून आणलेल्या चकचकीत नमुन्यापेक्षा गावातल्या बिघडलेल्या यंत्रापासून विद्यार्थी अधिक शिकतो.

दुसरी मागणी नियमांची. ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, एकेकट्याने बांधलेल्या हलक्या वाहनांसाठी स्वतंत्र तपासणी-पत्र हवे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा मोटार वाहन निरीक्षक ते तालुक्याच्या गावी येऊन, नाममात्र शुल्कात देऊ शकेल अशी तरतूद केंद्राने करावी, आणि राज्याने तिचा पाठपुरावा करावा. तपासणीच्या अटी थोड्या पण कडक असाव्यात: दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक, हाताशी इंजिन बंद करण्याचे बटण, झाकलेली चेन, गळती नसलेली टाकी, पुढे-मागे दिवा, आवाजाची आणि धुराची मर्यादा. नापास झालेल्या वाहनाच्या मालकाला दंडाची पावती न देता दोषांची यादी द्यावी, आणि सुधारून पुन्हा येण्याची तारीख द्यावी. तिसऱ्या व्यक्तीच्या विम्याची स्वस्त सामूहिक योजना या वाहनांसाठी असावी, म्हणजे पादचाऱ्याचे नुकसान भरून निघेल.

शासन या मागण्या मान्य करेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. तालुक्या-तालुक्यांत सायकल दुरुस्तीवाले, गॅरेजमधली पोरे, पंप दुरुस्त करणारे मिस्त्री आणि निवृत्त एस.टी. कामगार आहेत, कार्यकर्त्यांनी त्यांना एकत्र आणावे. ग्रामपंचायतीकडून किंवा शाळेकडून सुटीच्या दिवशी बंद मैदान मागून घ्यावे. प्रत्येक यंत्राची वही ठेवावी: कोणता दोष दिसला, काय बदलले, काय निष्पन्न झाले. एका गावची वही दुसऱ्या गावाने वाचली तर त्याच मडगार्डने दुसरा माणूस पडणार नाही. कारखान्याच्या कपाटात कुलूपबंद असलेले ज्ञान श्रमिकांच्या हाती असे सामूहिक रूपाने जमा होऊ लागेल. ज्या दिवशी पन्नास गावांच्या वह्या जमतील, त्या दिवशी त्या घेऊन परिवहन आयुक्तांच्या दारी जाता येईल. हाती वह्या असलेल्या शिष्टमंडळाला ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी नेणे कुणालाही सोपे जाणार नाही.

पुढच्या वेळी एखाद्या कारागिराचे छायाचित्र झळकेल आणि कुणी मंत्री, उद्योगपती किंवा वक्ता त्याची पाठ थोपटण्यासाठी पुढे येईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी त्या समारंभात उभे राहून एकच प्रश्न विचारावा: या यंत्राची चाचणी कुठे झाली? उत्तर मिळाले नाही तर सभा तिथेच आपल्या हाती घ्यावी आणि जमलेल्या लोकांसमक्ष चाचणीच्या मैदानाच्या मागणीचा ठराव मांडावा.